‘हेल्दी’ शेल्फवरच्या वस्तू वजन उतरवायला किती कामाच्या? ओट्सपासून प्रोटीन बारपर्यंत सविस्तर परीक्षण

प्रक्रिया केलेलं खाणं कमी करून साध्या, सकस अन्नाकडे वळायचं आणि त्यातून वजन उतरवायचं, असं एकदा ठरलं की बहुतेकांची पहिली फेरी दुकानातल्या ‘हेल्दी’ शेल्फकडे होते. ओट्स, म्युसली, ग्रॅनोला, मल्टीग्रेन ब्रेड, ज्यूस, नट बटर, प्रोटीन बार. सगळं एकाच रांगेत, एकसारख्या हिरव्या-तपकिरी पाकिटांत. वजनाच्या दृष्टीने मात्र या वस्तूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही खरोखर उपयोगाच्या आहेत, काही असून नसून सारख्या, आणि काही थेट बिस्किटांच्याच जातकुळीतल्या. इथे ब्रँडची तुलना केलेली नाही, कारण वस्तूचा प्रकारच चुकला तर ब्रँड कोणताही घ्या, फरक पडत नाही.

कशावर तोललं

तीन गोष्टी पाहिल्या. मूळ दाणा किंवा फळ अजून ओळखू येतं का आणि ते चावावं लागतं का? खायला तयार झाल्यावर १०० ग्रॅममागे कॅलरी किती? आणि घटकांच्या यादीत घरच्या स्वयंपाकात कधीच न लागणारं काही आहे का? यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच पाकिटावर कुठेही छापलेला नसतो.

अन्नाची प्रक्रियेच्या प्रमाणात चार गटांत विभागणी करणारी ‘नोव्हा’ पद्धत ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. चौथा गट अतिप्रक्रियेच्या अन्नाचा, म्हणजे घरच्या स्वयंपाकात न लागणारे घटक घालून कारखान्यात बनवलेल्या तयार पदार्थांचा. या गटामुळे वजन खरंच वाढतं का, हे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल यांच्या गटाने तपासलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. २० जणांना महिनाभर संस्थेतच ठेवलं होतं. दोन आठवडे अतिप्रक्रियेचं जेवण आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रियेचं. समोर ठेवलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, फॅट, फायबर आणि मीठ दोन्हीकडे जुळवलेलं होतं, आणि हवं तितकं खायची मुभा होती. अतिप्रक्रियेच्या आठवड्यांत माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. वजन सरासरी ०.९ किलो वाढलं, आणि साध्या जेवणावर तितकंच घटलं.

या प्रयोगातला एक तपशील शेल्फपुढे उभं राहिल्यावर फार उपयोगी पडतो. अतिप्रक्रियेच्या जेवणात मुळात फायबर कमी असल्यामुळे ते पेयांत मिसळून द्यावं लागलं होतं. आकडा जुळला, तरी माणसं जास्तच खात राहिली. पाकिटावर ‘हाय फायबर’ असेल आणि यादीत इन्युलिन, चिकोरी रूट फायबर किंवा तत्सम वरून घातलेलं काही असेल, तर त्या दाव्याला वजन उतरवण्याच्या बाबतीत फार महत्त्व देऊ नका. फायबर दाण्याच्या पेशींच्या भिंतीत असतं तेव्हा ते चावायला लावतं, पोटात जागा व्यापतं, स्टार्चचं पचन लांबवतं. पूड करून पेयात किंवा बारमध्ये मिसळलं की यातलं बरंचसं काम होत नाही.

‘पण पोषणाचे निकष पाळणारे तयार पदार्थ चालतील ना?’ हा प्रश्न रास्त आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गटाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही बाजूंचा आहार ब्रिटनच्या सरकारी आहार-शिफारशींना धरूनच होता. एकीकडे अतिप्रक्रियेचे, दुसरीकडे कमी प्रक्रियेचे पदार्थ, प्रत्येकी आठ आठवडे. वजन दोन्हीकडे घटलं, पण अतिप्रक्रियेच्या आहारावर सुमारे १ टक्का आणि साध्या आहारावर सुमारे २ टक्के. म्हणजे चांगल्या निकषांचा तयार पदार्थ अगदीच वाया जात नाही, पण साधं अन्न त्याच्या दुप्पट काम करतं.

ओट्स: एकच धान्य, पाच वेगळ्या वस्तू

या शेल्फवर सर्वाधिक गोंधळ ओट्सचा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सोललेला अख्खा दाणा म्हणजे ग्रोट्स. तोच पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकड्यांत कापला की स्टील-कट. वाफवून रुळाखाली दाबला की रोल्ड. आणखी पातळ दाबून, कापून क्विक. आधीच शिजवून, वाळवून अगदी बारीक केला की इन्स्टंट. कोरड्या वजनाला पाचही प्रकारांत १०० ग्रॅममागे साधारण ३८० कॅलरी, १३ ग्रॅम प्रोटीन आणि १० ग्रॅम फायबर. पोषणाचा तक्ता वाचून कोणालाही वाटेल की काहीही घ्या, सारखंच. पण ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचा आकडा, पाहा: स्टील-कट सुमारे ५५, रोल्ड ५३, क्विक ७१, इन्स्टंट ७५. म्हणजे रुळाखालून गेल्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पापुद्रा फार पातळ झाल्यावर आणि दाणा आधीच शिजवून ठेवल्यावर.

त्यामुळे स्टील-कटचा हट्ट धरायची गरज नाही. जाड रोल्ड ओट्स रोजच्यासाठी सर्वांत सोयीचे: ४० ग्रॅम ओट्स, सुमारे २०० मिली पाणी किंवा दूध, मंद आचेवर ५ ते ७ मिनिटं. पाणी उकळल्यावरच ओट्स घाला. थंड पाण्यात घालून सतत ढवळत बसलात तर स्टार्च सुटून खळ होते, चावायला काही उरत नाही आणि वाटी दोन मिनिटांत संपते. स्टील-कटला पाव कप ओट्सला एक कप पाणी आणि २५ ते ३० मिनिटं लागतात. रात्री पाणी उकळून त्यात ओट्स टाका, गॅस बंद करून झाकण ठेवा. कोमट झाले की फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी १० मिनिटांत होतात. खोल पातेलं घ्या, कारण हे ओट्स शेवटच्या पाच मिनिटांत हमखास उतू जातात.

चवीचे इन्स्टंट सॅशे मात्र यादीतून काढून टाका. एका सॅशेत ८ ते १२ ग्रॅम साखर सर्रास असते आणि दोन सॅशेशिवाय पोट भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी, की मोकळी (म्हणजे वरून घातलेली) साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत असावी. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. दोन सॅशेंत ती बहुतेक नाश्त्यालाच संपते. मध घातला म्हणून सुटका नाही. संघटनेच्या व्याख्येत मध आणि फळांचा रसही मोकळ्या साखरेतच मोजला जातो, आणि एका टेबलस्पून मधात ६० च्या वर कॅलरी असतात.

वजन उतरवण्यासाठी ओट्सची वाटी अशी बांधा: ४० ग्रॅम ओट्स (१५० कॅलरी), वर १५० ग्रॅम चिरलेलं सफरचंद (८०), १५० ग्रॅम साधं, बिनसाखरेचं दही (सुमारे ९०) आणि १० ग्रॅम अख्खे बदाम (६०). एकूण ३८० च्या आसपास, आणि दुपारपर्यंत बहुतेकांना काही लागत नाही. फक्त पाण्यात शिजवलेले नुसते ओट्स खाऊन अकरा वाजता भूक लागते, अशी तक्रार करणारे प्रोटीन विसरलेले असतात. दोष ओट्सचा नसतो.

जाता जाता ओट मिल्कविषयी. ते बनवताना एन्झाइमने स्टार्च फोडतात आणि त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. घटकांत साखर नसली तरी तक्त्यात साखर का दिसते, याचं उत्तर हे. चहा-कॉफीत थोडं घालायला हरकत नाही, पण ग्लास भरून पिऊ नका.

ग्रॅनोला आणि म्युसली

ग्रॅनोला म्हणजे ओट्सना तेल आणि साखरेचा पाक, मध किंवा सिरप लावून भाजलेलं मिश्रण. १०० ग्रॅममागे ४५० ते ५०० कॅलरी. पाकिटावरची ‘एक सर्व्हिंग’ ३० ते ४५ ग्रॅमची असते, आणि घरातली साधी वाटी मोजून न घेता भरली तर ८०-१०० ग्रॅम सहज जातात. एकदा तुमच्या नेहमीच्या वाटीत नेहमीइतका ग्रॅनोला ओता आणि ती काट्यावर ठेवून पाहा. वजन न उतरण्याचं कारण अनेकांना तिथेच सापडतं.

त्या १०० ग्रॅमच्या बदल्यात काय येतं पाहा. शिजवलेली अख्खी मसूर २०० ग्रॅम (२३२ कॅलरी, १८ ग्रॅम प्रोटीन, १६ ग्रॅम फायबर), उकडलेला बटाटा १५० ग्रॅम (१३०), पालेभाज्या, कोबी, गाजर अशा भाज्या मिळून २५० ग्रॅम (सुमारे ७५) आणि एक छोटा चमचा तेल (४०). बेरीज ४७७ कॅलरी, ताटात ६०० ग्रॅम अन्न. सगळी गंमत या सहापट वजनाच्या फरकात आहे. ताट मोठं, चावणं भरपूर, कॅलरी तेवढ्याच.

म्युसली भाजलेली आणि गोड केलेली नसेल तर ओट्सइतकीच चालते. मनुका आणि खजुराचं प्रमाण तेवढं बघा. मनुकांत १०० ग्रॅममागे ३०० च्या आसपास कॅलरी, ताज्या द्राक्षांत ७०.

ब्रेड: रंगावर जाऊ नका

‘मल्टीग्रेन’ याचा अर्थ एवढाच, की धान्यं एकापेक्षा जास्त आहेत. ती अख्खी आहेत असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तपकिरी रंग कॅरॅमलने किंवा माल्टनेही येतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणून पहिलं नाव ‘संपूर्ण गव्हाचं पीठ’ हवं. नुसतं ‘गव्हाचं पीठ’ असेल तर तो बहुधा मैदाच. एक जुनी युक्ती इथेही चालते: साखर एका नावाने घातली तर ती यादीत वर येते, म्हणून ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट अशी ती चार-पाच नावांत वाटली जाते. प्रत्येक नाव खाली सरकतं, एकूण साखर तेवढीच राहते.

चटकन तपासायचं असेल तर कार्बोहायड्रेटच्या आकड्याला फायबरच्या आकड्याने भागा. उत्तर १० किंवा त्याहून कमी आलं तर ब्रेड घेण्यासारखा. ४५ ग्रॅम कार्ब आणि ७ ग्रॅम फायबर म्हणजे साडेसहाच्या आत, पास. ४८ आणि ३ म्हणजे १६, परत ठेवा. वरून घातलेलं फायबर असेल तर हा हिशेब फसतो, तेव्हा यादीही वाचाच.

आणि चांगला ब्रेडसुद्धा शेवटी पिठाचाच असतो. मऊ असतो, पटापट खाल्ला जातो. ज्या ब्रेडमध्ये अख्खे किंवा भरडलेले दाणे दिसतात, जो हातात जड लागतो आणि कापायला सुरीचा जोर लागतो, तो वजनासाठी उजवा.

कडधान्यं: पूर्ण शेल्फवर सर्वांत जास्त गुण

मसूर, काबुली चणे, राजमा, काळे घेवडे, वाटाणे. सुक्या स्वरूपातले. या वस्तूंवर कुठलाही दावा छापलेला नसतो, घटकांच्या यादीत एकच नाव असतं, आणि प्रोटीन, फायबर, पोट भरणं या तिन्ही बाबतीत शेल्फवरचं दुसरं काही यांच्या जवळ येत नाही. लोक यांना टाळतात ते दोन कारणांनी: शिजत नाहीत आणि गॅस होतो. दोन्हींवर उपाय आहेत.

न शिजण्याची कारणं साधारण तीन. दाणे जुने असणं हे पहिलं. गरम, दमट जागी महिनोन्‌महिने पडलेलं कडधान्य कितीही भिजवलं तरी आतून टणक राहतं, म्हणून जिथे माल लवकर खपतो तिथूनच घ्या आणि घरी हवाबंद, थंड जागी ठेवा. दुसरं कारण जड पाणी: त्यातलं कॅल्शियम दाण्याच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. एक कप दाण्यांना चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की फरक पडतो. जास्त घातला तर साबणासारखी चव येते आणि दाण्याचा लगदा होतो. तिसरं आंबट. टोमॅटो, चिंच, लिंबू, व्हिनेगर सुरुवातीलाच घातलं तर दाणे मऊ व्हायला नको तेवढा वेळ लावतात. दाणा बोटांत दाबून चेपला जायला लागला की मगच आंबट घाला. मिठाबद्दल मात्र गैरसमज आहे. लिटरभर पाण्यात साधारण १५ ग्रॅम मीठ घालून त्यात रात्रभर भिजवल्यास सालं उलट मऊ होतात आणि फुटत नाहीत. नंतर ते पाणी टाकून दाणे धुवून घ्यायचे.

अख्ख्या मसुरीला भिजवायची गरज नाही, २० ते ३० मिनिटांत होते. चणे ८ ते १२ तास भिजवा. उघड्या पातेल्यात तास-दीड तास, प्रेशर कुकरमध्ये प्रेशर आल्यावर १२ ते १५ मिनिटं. १०० ग्रॅम सुक्या दाण्यांचे शिजून २२० ते २५० ग्रॅम होतात.

राजम्याच्या बाबतीत हयगय नको. कच्च्या राजम्यात फायटोहीमअॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रोटीन (लेक्टिन) असतं, आणि मोजके चार-पाच कच्चे दाणेही काही तासांत उलट्या-जुलाब करायला पुरतात. किमान ५ तास भिजवा, ते पाणी टाकून द्या, ताज्या पाण्यात खळखळून उकळा. निदान १० मिनिटं तरी. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन ३० मिनिटं सांगतं. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकणं ही धोक्याची चूक आहे, कारण ८० अंशांच्या आसपासच रेंगाळलेल्या तापमानात विषारीपणा कमी होण्याऐवजी वाढू शकतो. आधी उकळा, मग स्लो कुकरमध्ये घाला. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो, त्याला ही अडचण नाही.

डब्यातली कडधान्यं हा कमीपणाचा पर्याय मुळीच नाही. रोज भिजवणं जमत नसेल तर बिनधास्त घ्या. यादीत दाणे, पाणी आणि मीठ एवढंच असावं. चाळणीत ओतून वाहत्या पाण्याखाली धुतले की सोडियम एकतृतीयांशाहून अधिक कमी होतं.

गॅसचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा एकदम उडी मारल्यामुळे होतो. आतापर्यंत दिवसाला १२-१५ ग्रॅम फायबर खाणाऱ्याने पहिल्याच दिवशी ४० ग्रॅम खाल्लं तर पोट फुगणारच. पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी शिजवलेली मसूर, मग आठवड्याला साधारण ५ ग्रॅम फायबर वाढेल इतपत. बरोबर पाणीही वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठता होते आणि दोष अन्नावर येतो.

फळ की रस

इथे फार लिहायला नको, कारण हे खूप आधी स्पष्ट झालेलं आहे. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगात तेवढ्याच कार्बोहायड्रेटचं सफरचंद अख्खं, गर करून आणि रस करून दिलं होतं. रस अख्ख्या फळाच्या ११ पट वेगाने पिऊन झाला, आणि पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सर्वाधिक, रसाने सर्वांत कमी दिली. मध्यम सफरचंदात ९५ कॅलरी आणि ४ ग्रॅमच्या वर फायबर. ग्लासभर रसात ११० च्या पुढे कॅलरी आणि फायबर जवळजवळ नाही. कोल्ड-प्रेस्ड केल्याने यातलं काहीच बदलत नाही. वजन उतरवत असाल तर ज्यूस या शेल्फवरची सर्वांत टाळण्याजोगी वस्तू आहे.

बदाम आणि नट बटर

अख्ख्या बदामांबद्दल एक सुखद गोष्ट. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की २८ ग्रॅम बदामांतून लेबलवर लिहिलेल्या १७० ऐवजी सुमारे १२९ कॅलरीच शरीराला मिळतात, कारण न फुटलेल्या पेशींतलं तेल तसंच बाहेर पडतं. पुढे २०१६ मध्ये त्यांनी अख्खे, भाजलेले, चिरलेले आणि वाटलेले बदाम तपासले. बदामाचं बटर केलं की ही सूट संपते, लेबलवरच्या सगळ्या कॅलरी मिळतात. वस्तू तीच, वाटल्यामुळे फरक पडला. दाणा अख्खा असण्याला एवढं महत्त्व का, ते इथे आकड्यांत दिसतं.

म्हणून अख्खे, बिनमिठाचे दाणे घ्या, दिवसाला ३० ग्रॅमच्या आत, आणि वाटीत काढून डबा बंद करा. नट बटर घ्यायचंच असेल तर यादीत फक्त दाणे आणि फार तर मीठ असलेलं. वर तेल तरंगत असेल तर ती चांगली खूण आहे. तेल वेगळं होऊ नये म्हणून त्यात काही घातलेलं नाही, असा तिचा अर्थ. मोजणी चमच्याने करू नका, उंच भरलेला टेबलस्पून ३० ग्रॅमपर्यंत जातो.

प्रोटीन बार

एका बारमध्ये साधारण २०० कॅलरी आणि १५ ते २० ग्रॅम प्रोटीन. आकडे वाईट नाहीत. पण बहुतेक बारमध्ये प्रोटीन आयसोलेट, ग्लिसरीन, माल्टिटोलसारखी शुगर अल्कोहोल, वरून घातलेलं फायबर आणि चॉकलेटचा लेप असतो. म्हणजे चॉकलेट बारचीच मांडणी, फक्त प्रोटीन जास्त. माल्टिटोल जास्त झालं की पोटात गुडगुड आणि जुलाब होतात. प्रवासात, दुसरं काही मिळणारच नसेल तर ठीक. रोजच्यासाठी दोन उकडलेली अंडी (सुमारे १५० कॅलरी, १२-१३ ग्रॅम प्रोटीन) आणि एक फळ यापुढे बार टिकत नाही.

बटाटा, ज्याला शेल्फवर जागाच नाही

१९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींच्या मापात देऊन दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण मिळाले, सगळ्यांत जास्त. क्रॉसाँला ४७, सगळ्यांत कमी. बटाट्याने वजन वाढतं, ही ओरड तळलेल्या बटाट्यामुळे झाली आहे: उकडलेला १०० ग्रॅम म्हणजे ८७ कॅलरी, चिप्स म्हणजे ५३० च्या पुढे. सालीसकट उकडा, लोणी-चीज घालू नका, आणि निर्धास्त खा.

सगळं बरोबर घेऊनही वजन का अडतं

बहुतेक वेळा तेलामुळे. ‘कोल्ड-प्रेस्ड’, ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ असं काहीही लिहिलेलं असो, एका टेबलस्पूनमध्ये १२० कॅलरी ठरलेल्या. बाटलीतून थेट कढईत ओतताना तीन टेबलस्पून कधी गेले ते कळत नाही, आणि ३६० कॅलरींची भर भाजीत न दिसता मिसळते. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा डिजिटल काटा या सगळ्या प्रवासातली सर्वांत सार्थ खरेदी आहे. भाज्या, डाळी, फळं त्यावर मोजत बसू नका. फक्त तेल, बदाम-शेंगदाण्यांसारखे दाणे, चीज आणि सुका मेवा मोजा. बाटली काट्यावर ठेवून शून्य करा, तेल ओता, बाटली परत ठेवा. उणे आलेला आकडा म्हणजे वापरलेलं तेल.

दुसरं कारण आठवड्याच्या मध्यावर घरात शिजवलेलं काही नसणं. भूक लागल्यावर कोणी चणे भिजवत नाही. आठवड्यातून दोनदा कडधान्य, ब्राउन राइससारखं एखादं अख्खं धान्य आणि बटाटे एकदम शिजवून ठेवा. पसरट डब्यात पातळ थर करून लवकर थंड करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, ३-४ दिवसांत संपवा. भाताच्या बाबतीत हे विशेष पाळा. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, भात बाहेर राहिला की त्यांतून वाढ होते, आणि तयार झालेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रोझन भाज्याही भरून ठेवा. सॉस किंवा मसाला नसलेल्या असतील तर त्या ताज्याइतक्याच चांगल्या.

कार्ब कमी करायचे की फॅट, या वादात वेळ घालवू नका. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या २०१८ च्या अभ्यासात ६०९ जणांना दोनपैकी एक आहार दिला होता, आणि दोन्ही गटांना सांगितलं होतं की साधं, कमी प्रक्रियेचं अन्न आणि भरपूर भाज्या खा, कॅलरी मोजू नका. वर्षाअखेर कमी फॅटच्या गटात सरासरी ५.३ आणि कमी कार्बच्या गटात ६ किलो वजन घटलं. लक्षणीय फरक निघाला नाही. मात्र एकाच गटात कोणाचं वजन खूप उतरलं, कोणाचं वाढलंही. शेजाऱ्याच्या आकड्याशी स्वतःची तुलना करून निराश होऊ नका.

पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो झपकन उतरले तर त्यातलं बरंच पाणी असतं. ग्लायकोजेन (शरीरात साठवलेले कार्ब) कमी होताना त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी जातं, आणि तयार पदार्थांतलं मीठ कमी झाल्यानेही शरीर पाणी सोडतं. पुढे आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून आठवड्याची सरासरी काढा आणि दोन सरासऱ्यांची तुलना करा. महिनाभर सरासरी हललीच नाही, तर तेल आणि दाणे पुन्हा मोजून पाहा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर आहार बदलायच्या आधी डॉक्टरांशी बोला. साखर आणि मैदा एकदम कमी झाल्यावर तोच डोस जास्त पडतो आणि रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी बटाटा, कडधान्यं आणि दाण्यांचं प्रमाण पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवून ठरवावं. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू नयेत. व्हिटॅमिन के मुळे औषधाचा परिणाम कमी होतो, म्हणून रोज साधारण सारख्याच प्रमाणात खाव्यात आणि रक्त गोठण्याची आयएनआर ही चाचणी करत राहावी.